हातच्या कांकणाला आरसा

(आपल्या मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात 'नोकरीचा अर्ज आणि आपल्या कामाचे नमुने' या विषयावर झालेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. अनेक पालकांनी व तरुण मंडळींनी मागणी केल्यामुळे तो स्मरणिकेत देत आहोत.)



दरवर्षी या व्यासपीठावर विद्वान मंडळी येतात आणि संतवाङ्मयापासून हृदयविकारापर्यंत आपल्याला शहाणं करून जातात. मी विद्वान नाही. ड्रॉइंग ऑफिसात आयुष्य काढलेला साधा माणूस आहे. तरीही कार्यकर्त्यांनी आग्रह धरला, याचं कारण असं की निवृत्तीनंतर आपल्या मंडळातल्या काही मुलामुलींचे नोकरीचे अर्ज मी पाहत आलो. त्यात एक रकाना हल्ली हमखास असतो: 'आपल्या कामाचे नमुने जिथे पाहता येतील तो पत्ता द्या.' मुलं तिथं अडतात. काही रकाना कोरा सोडतात, काही जण फेसबुकचा पत्ता टाकतात, ज्यावर मावसबहिणीच्या लग्नाचे फोटो असतात. तेव्हा आज बोलणार आहे ते एवढ्याच एका रकान्याबद्दल.

आमच्या वेळी असा रकाना नव्हता. बायोडाटा टाइप करून घ्यायचा, गुणपत्रिकांच्या प्रतींवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही घ्यायची, रजिस्टर्ड पोस्टानं पाठवायचं आणि पोस्टमनची वाट बघायची. शिवाय ओळख असायची. कुणाचे काका, कुणाचे साडू कारखान्यात असायचे, ते साहेबांच्या कानावर घालायचे, 'मुलगा चांगला आहे हो'. आपली मुलं आता पुण्याला, बंगळुरूला, हैदराबादला अर्ज करतात. तिथं आपल्याला ओळखणारं कोण आहे? आपल्या मुलाला खरोखर काम येतं, हे तिथल्या माणसाला कळणार कसं?

आपल्या भेडाघाटचं उदाहरण घ्या. धुवांधारकडे जाणाऱ्या वाटेवर संगमरवराची दुकानं लागतात. कारागीर समोरच बसून दगडावर नाव कोरून देतो. 'मला कोरीव काम उत्तम येतं' असं त्याला सांगावं लागत नाही. छिन्नी चालताना दिसते, अक्षर उमटताना दिसतं, आणि आपला हात खिशाकडे जातो. गणपती ठरवायला गेल्यावर तरी आपण काय करतो? मूर्तिकाराला त्याचं शिक्षण विचारत नाही. मांडून ठेवलेल्या मूर्तींचे डोळे बघतो. डोळे मनात भरले की विसार देऊन मोकळे होतो. नोकरी देणाऱ्यालाही हेच करायचं असतं. फक्त तो आपल्या अंगणात येऊ शकत नाही, म्हणून आपण आपलं अंगण त्याच्यापुढे न्यायचं.

इथं आपला मराठी स्वभाव आड येतो. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. आपलं काम आपणच काय दाखवायचं, लोकांनी म्हणावं! ही नम्रता चांगलीच आहे, मी तिची थट्टा करत नाही. पण झाकलेल्या मुठीत काय आहे हे शेजाऱ्याला तरी ठाऊक असतं. हजार किलोमीटरवरच्या माणसाला ती मूठ रिकामीच वाटते. दुसरी म्हण, 'हातच्या कांकणाला आरसा कशाला?' बरोबर आहे, कांकण आणि बघणारा एकाच खोलीत असतील तर आरसा नको. कांकण जबलपुरात आणि बघणारा पुण्यात असेल, तर आरसा लागतोच.

ही गोष्ट मला कळली ती माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे. ती आज इथं कबूल करतो.

निवृत्तीनंतर एका खासगी कारखान्यानं मला ड्राफ्ट्समन निवडायला मदत म्हणून बोलावलं होतं. अर्जांचा गठ्ठा समोर होता. एका मुलाचा अर्ज वाचला. डिप्लोमा झालेला, गुण मध्यम, अनुभव नाही, पण खाली लिहिलं होतं, 'माझ्या ड्रॉइंग येथे पाहाव्यात.' मी त्या पत्त्यावर बोट ठेवलं तर पडद्यावर सूचना आली: हे पाहण्याची आपल्याला परवानगी नाही, परवानगी मागा. मी मागितली नाही. दुसरा अर्ज उचलला. अर्जावर फोन नंबर होता, तो मी फिरवला नाही. त्या मुलाचं नाव यादीतून गळलं.

पुढच्याच वर्षी आपल्या गणपतीचं मखर तुम्ही पाहिलंत. पन्हळी पुठ्ठ्याचं, कमानीचं, कुठे गोंद नाही, खिळा नाही. विसर्जनानंतर ते सुटं होऊन कपाटामागे गेलं, तेव्हा मी विचारलं, हे कुणाचं डोकं? कार्यकर्त्यांनी एका लाजऱ्या मुलाला पुढे केलं. नाव ऐकलं आणि मला तो अर्ज आठवला. त्यानं फोनवर त्याच त्या ड्रॉइंग मला दाखवल्या. स्वच्छ रेघा, मापं जिथल्या तिथं, सेक्शन अचूक. त्या गठ्ठ्यात याच्याइतकं नीटनेटकं काम दुसऱ्या कुणाचं नव्हतं. त्याची चूक एका बटणाची होती आणि माझी एका फोनची. पण भोगावं लागलं त्याला एकट्याला. एक वर्ष तो मिळेल ते काम करत होता.

त्यानंतर आम्ही दोघं बसलो आणि त्याचं पान नव्यानं केलं. ते करताना जे शिकलो, तेच आज तुम्हाला सांगतो.

पहिला प्रश्न: नमुना म्हणून काय दाखवायचं? याचं सर्वांत चांगलं उत्तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच एका माणसानं देऊन ठेवलंय. दादासाहेब फाळके. १९१२ साली ते लंडनहून चलच्चित्राचं तंत्र शिकून आले. कॅमेरा घेतला. पण चित्रपट काढायला भांडवल हवं, आणि या देशात कुणी असलं चित्र काढू शकेल यावर पैसेवाल्यांचा विश्वास बसेना. फाळक्यांकडे दाखवायला पुष्कळ होतं. ते कलाशाळेत शिकलेले, छायाचित्रण केलेलं, छपाईच्या धंद्यात मुरलेले, जादूचे प्रयोगसुद्धा करायचे. त्यांनी यातलं काही पुढे केलं नाही. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि महिन्याहून अधिक दिवस रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर ते लावलं की मिनिटभरात दाणा फुटतो, कोंब वर येतो, रोप वाढतं. 'अंकुराची वाढ' हे त्याचं नाव. ते त्यांनी निवडक मंडळींना दाखवलं आणि भांडवलाची वाट मोकळी झाली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लागला.

यातून काय घ्यायचं? एक, नमुना लहान होता. दोन, तो पूर्ण होता, अर्धवट नव्हता. आणि तीन, सर्वांत महत्त्वाचं: पैसेवाल्याच्या मनात जी शंका होती, नेमकं तिचंच ते उत्तर होतं. 'हा माणूस चित्र हलवू शकेल का?' हलवलं की! तेव्हा अर्ज करण्याआधी जाहिरात दोनदा वाचा आणि स्वतःला विचारा, या माणसाला माझ्याबद्दल कोणती शंका येईल? त्या शंकेचं उत्तर देणारे तीन नमुने पुरेत. वीस नकोत. वीस टाकले की बघणारा नेमका सर्वांत कच्चा असेल तो उघडतो, हा माझा अनुभव आहे.

'पण काका, आम्हाला अनुभवच नाही तर नमुना कुठून आणायचा?' हे मला प्रत्येक मूल विचारतं. अहो, फाळक्यांना तरी चित्रपटाचा अनुभव कुठे होता! नमुना करता येतो. हिशेबाच्या नोकरीसाठी अर्ज करायचाय? काल्पनिक किराणा दुकानाच्या तीन महिन्यांच्या वह्या लिहा, ताळेबंद काढा, जीएसटीचा तक्ता बनवा, आणि वर ठळक लिहा की दुकान काल्पनिक आहे. शिक्षिका व्हायचंय? अपूर्णांकांची बेरीज आठ मिनिटांत शिकवतानाचं चित्रण करा. फळा दिसू द्या, तुमचा आवाज ऐकू येऊ द्या, मात्र पालकांच्या संमतीशिवाय मुलांचे चेहरे दाखवू नका. वेल्डिंगचं, लेथचं काम असेल तर चांगल्या उजेडात फोटो घ्या आणि शेजारी फूटपट्टी ठेवा, म्हणजे आकार कळतो. संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यांनी ती चालवायची कशी हे साध्या भाषेत वर लिहावं, नाहीतर ती कोण उघडून बघणार?

आपल्याकडे एक गुण आहे ज्याची आपल्याला किंमत नाही. घरात मराठी आणि बाहेर हिंदी, दोन्ही भाषा आपली मुलं सहज बोलतात. अनुवादाच्या कामाला हे भांडवल आहे. त्यासाठी एक पान हिंदी आणि समोर त्याचं मराठी, असं ठेवा. मजकूर स्वतःचा घ्या, किंवा ज्याचा स्वामित्वहक्क संपलाय असा घ्या. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी तो संपतो. कुणाच्या कोर्टाच्या कामाचा कागद 'नमुना' म्हणून लावू नका. हायकोर्टाच्या गावात राहतो आपण, एवढं भान हवंच. आणि मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. कृतिदेव किंवा तसल्या जुन्या फाँटात केलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अनुवादाच्या जागी अगम्य अक्षरांची रांग दिसते. अशानं चांगल्या अनुवादकांची कामं गेलेली मी पाहिली आहेत.

दुसरा प्रश्न: नमुन्याखाली काय लिहायचं? त्या मुलानं मखराच्या फोटोखाली लिहिलं होतं, 'आकर्षक व नावीन्यपूर्ण मखर.' मी म्हटलं, हे तर प्रत्येक जण लिहितो. तू काय केलंस ते लिही. मग त्यानं लिहिलं ते असं: 'उंची पाच फूट. अकरा भाग, सगळे खाचांत बसणारे. दोन माणसं वीस मिनिटांत उभं करतात. सुटं केल्यावर दिवाणाखाली मावतं. पहिल्या वेळी कमान वाकली, कारण पुठ्ठ्याच्या पन्हळी आडव्या होत्या. त्या उभ्या घेतल्यावर कमान ताठ राहिली.' यात स्वतःच्या कौतुकाचा एक शब्द नाही, पण वाचणाऱ्याला कळतं की या पोराला वस्तू कळते. आणि चूक लपवली नाही, हे तर मला सर्वांत आवडलं. ज्यानं हातानं काम केलंय त्याच्याकडे चुकीची गोष्ट असतेच. नुसतंच छान छान सांगणाऱ्याची अवस्था 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' अशी व्हायला वेळ लागत नाही. तेव्हा चार-पाच ओळी लिहा: काम काय होतं, अडचण कोणती आली, मी काय केलं, त्यातून काय निघालं, आणि पुन्हा करायचं झालं तर काय बदलीन.

'मी काय केलं' यावर थोडं थांबतो, कारण इथं खरेपणाचा प्रश्न आहे. आजकाल कॉलेजातला प्रकल्प चार-पाच जण मिळून करतात आणि मग पाचही जण तो आपापल्या नावावर लावतात. पाचही अर्ज एकाच टेबलावर आले तर काय होईल, याचा विचार कुणी करत नाही.

इथंही आपल्या जबलपूरचंच उदाहरण देतो. आपल्या राज्यघटनेची मूळ हस्तलिखित प्रत हा अनेकांच्या हातांचा प्रकल्प. अक्षर दिल्लीच्या प्रेमबिहारी नारायण रायजादा यांचं. सजावट नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनच्या शिष्यांची. आणि उद्देशिकेच्या पानाभोवतीची ती सुंदर नक्षी आपल्या जबलपूरच्या ब्योहार राममनोहर सिन्हा यांची. गोलबाजारातल्या शहीद स्मारकात भिंतींवरची चित्रं पाहिली आहेत ना, त्यांमागचे तेच चित्रकार. उद्देशिकेच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात, नक्षीत मिसळून गेलेली 'राम' एवढीच त्यांची सही आहे. पुस्तक सगळं माझं, असं त्यांनी म्हटलं नाही. आणि माझं काहीच नाही, असंही म्हटलं नाही. आपण जेवढं केलं तेवढ्यावर सही केली. सामूहिक कामाखाली कसं लिहावं याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही. 'आम्ही चौघे होतो. मोजमापं आणि ड्रॉइंग माझ्या. जोडकाम इतरांचं.' एवढं लिहिलं की पुरे. त्यानं तुमची किंमत कमी होत नाही, वाढते.

आता तिसरी गोष्ट, आणि या सभागृहात ती सर्वांत महत्त्वाची. काय दाखवायचं नाही?

आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल संरक्षण कारखान्यांवर पेटली. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ पासूनची, मग दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं खमरिया, १९६९ ची व्हेईकल फॅक्टरी. १ ऑक्टोबर २०२१ पासून जुनं आयुध निर्माणी मंडळ जाऊन वेगवेगळ्या सरकारी कंपन्या झाल्या. पाट्या बदलल्या, पण गोपनीयतेचा नियम बदलला नाही. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा आजही लागू आहे. अप्रेंटिसशिप केलेली मुलं उत्साहाच्या भरात तिथला एखादा फोटो, एखादी ड्रॉइंग आपल्या पानावर लावतात. बाबांनो, असं चुकूनही करू नका. आपण काय कामावर होतो हे आपल्या प्रमाणपत्रावर जेवढं लिहिलंय, तेवढंच सांगा.

खासगी नोकरीतही तेच, कारण वेगळं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. तुम्ही रात्र रात्र जागून केलेलं डिझाइन असलं तरी ते तुमचं नव्हे. दाखवायचं असेल तर लेखी परवानगी मागा. मागितली तर मिळते पुष्कळदा. नाही मिळाली तर काम न दाखवता कामाबद्दल लिहा, नावं आणि आकडे गाळून. लक्षात ठेवा, पहिल्या मालकाचं गुपित उघडं करणारा माणूस दुसऱ्या मालकाला कधीच आवडत नाही. तो मनात म्हणतो, उद्या माझंही हा असंच करणार.

मग ज्याचं सगळं कामच झाकलेलं, त्यानं काय करावं? हा माझा स्वतःचाच प्रश्न आहे. माझ्या आख्ख्या नोकरीतला एक कागद मी तुम्हाला दाखवू शकत नाही. त्याचं मला दुःख नाही, ते तसंच असायला हवं. पण एका मुलीनं मला विचारलं, 'काका, तुम्ही आम्हाला एवढं सांगता, तुमचं पान कुठाय?' मी निरुत्तर झालो. घरी आलो, आणि माझ्या आईचा अडकित्ता काढला. त्याची समोरून, वरून, बाजूनं, सगळी दृश्यं काढली. पात्याचा कोन, खिळीचा व्यास, मुठीची वक्रता, सगळं मोजून मांडलं. सुपारी फुटताना जोर कुठे येतो ते दाखवलं. तीन दिवस लागले. ती ड्रॉइंग कुणाच्याही मालकीची नाही, तिच्यात कुठलं गुपित नाही, पण माझा हात तिच्यात पूर्ण आहे. ज्यांचं काम झाकलेलं आहे त्या सर्वांना माझं हेच सांगणं आहे. घरातली एखादी वस्तू घ्या, गल्लीतली एखादी अडचण घ्या, आणि तिच्यावर आपला हात चालवून दाखवा. ज्या भगिनींनी संसारासाठी नोकरी सोडली आणि आता पुन्हा उभ्या राहताहेत, त्यांनाही हाच मार्ग. दहा वर्षांपूर्वीच्या प्रमाणपत्रापेक्षा गेल्या महिन्यात केलेला एक नमुना अधिक बोलतो.

आता ठेवायचं कुठे? याची माहिती तुमची मुलं मला देतील, मी थोडक्यात सांगतो. आज्ञावली लिहिणाऱ्यांसाठी गिटहब, चित्र-सजावटीच्या कामासाठी बिहान्स, चित्रणासाठी यूट्यूब, नोकरीच्या ओळखीपाळखीसाठी लिंक्डइन. हे काही जमलं नाही तर गूगल साइट्सवर फुकट साधं पान होतं, तेही नको तर एक नेटकी पीडीएफ पुरते. जागा कुठलीही असली तरी ते भाड्याचं घर आहे हे विसरू नका. जिओसिटीज २००९ साली बंद झालं, ऑर्कुट २०१४ साली. ज्यांनी आपलं सगळं तिथंच ठेवलं आणि वेळेत उचललं नाही, त्यांचं गेलं. मूळ फाइल घरी ठेवा, दोन ठिकाणी ठेवा.

पान तयार झालं की अर्ज धाडण्याआधी शेजाऱ्याच्या फोनवर उघडून बघा. स्वतःच्या नव्हे, शेजाऱ्याच्या. स्वतःच्या फोनवर सगळं उघडतंच, कारण कुलूप आपलं आणि किल्लीही आपली. त्या मुलाचं वर्ष याच एका गोष्टीपायी गेलं. फोनवर अक्षर वाचता येतंय का, फाइल जड होऊन अडकत नाही ना, पहिला नमुना उघडल्याबरोबर दिसतोय का, एवढं पाहा. बघणाऱ्याच्या हातात एक-दोन मिनिटंच असतात. त्यात तुमचं 'स्वागतम्' आणि फिरणारी फुलं नकोत.

दोन-तीन धोक्याचे कंदील दाखवतो. पानावर घरचा पत्ता, जन्मतारीख, आधार, गुणपत्रिका टाकू नका. निरोपासाठी एक ई-मेल पुरे. दुसरं, 'तुमचे नमुने आवडले, नोंदणीचे एवढे पैसे भरा' असा फोन आला तर तो खुशाल बंद करा. नोकरी देणारा पैसे देतो, मागत नाही. तिसरं, काही जण 'परीक्षा' म्हणून आख्खं कामच फुकट करून घेतात. लहानशी परीक्षा द्यावी. चार-पाच दिवसांचं काम मागितलं तर मोबदला नम्रपणे विचारावा. उत्तर काय येतं त्यावरून माणूस कळतो.

आणि शेवटचं, यंत्राबद्दल. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं, आणि तेव्हापासून लेख, चित्र, आज्ञावली, सगळं मागितल्याबरोबर मिळू लागलं. त्यामुळे नुसत्या सुबक नमुन्याची किंमत उतरली आहे. आता मुलाखतीत विचारतात, हे असंच का केलंत? इथं ही जाडी का घेतली? यंत्राची मदत घेतली असेल तर घेतली म्हणून सांगा, त्यात कमीपणा नाही. आम्हीही कॅल्क्युलेटर आल्यावर लॉगची पुस्तकं बाजूला ठेवलीच. मात्र जे समजावून सांगता येणार नाही ते पानावर ठेवू नका. पन्हळी उभ्या का घेतल्या, हे त्या मुलाला झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगेल. तिथं उसनं ज्ञान चालत नाही.

त्या मुलाचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारालच. नवं पान घेऊन त्यानं अर्ज केले. दोन ठिकाणाहून बोलावणं आलं. पहिल्या ठिकाणी जमलं नाही. दुसऱ्या ठिकाणी मुलाखत घेणाऱ्यानं गुणपत्रिका बाजूला ठेवली आणि पाऊण तास मखरावर बोलला म्हणे. आज तो तिथं नोकरीला आहे. पान केलं म्हणून नोकरी लागते, असं मी म्हणणार नाही. नोकरी लागली ती त्याच्या हातातल्या कामामुळे. पानानं एवढंच केलं, की ते काम योग्य माणसाच्या डोळ्यांपर्यंत नेऊन पोचवलं.

आणि या खुर्च्यांवर बसलेल्या माझ्यासारख्या ज्येष्ठांना हात जोडून एक विनंती. तुमच्यापैकी कुणी अजूनही माणसं निवडण्याच्या जागी असाल, तर एखादा पत्ता उघडला नाही म्हणून अर्ज बाजूला ठेवू नका. एक फोन करा. पलीकडे कुणाचं तरी वर्ष असतं.

गणपती चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा देव. त्याच्यासमोर याच मांडवात लहानपणी आपण नाटकं केली, रांगोळ्या काढल्या, गाणी म्हटली. चारचौघांत आपलं काम मांडायची पहिली सवय इथंच लागली. मांडव आता थोडा मोठा झाला आहे, एवढंच समजा. काम खरं असू द्या, सही आपल्या वाट्यापुरती असू द्या, आणि दार उघडं आहे ना, ते एकदा बाहेरून बघून घ्या.

 ज्यांना आपली पानं दाखवायची असतील त्यांनी उद्या सकाळच्या आरतीनंतर मला गाठावं. मी चष्मा घेऊन बसतो.

गणपती बाप्पा मोरया!